पुढे पाठवण्याआधी

सीमाप्रश्नात मोबाईलवरचा मजकूर किती महागात पडतो, हे आपण डिसेंबर २०२२ मध्ये पाहिले. ६ तारखेला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ तारखेला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतल्यावर केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सांगितले की, बड्या नेत्यांच्या नावाच्या बनावट ट्विटर खात्यांनीही वाद वाढवला. ती खाती कोणाची, हा तपास पोलिसांचा. पण असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घराघरांत पोचवतो कोण? आपणच.

बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये बेळगावात 'तरुण भारत' सुरू केला, तेव्हा १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण द्यावे लागे. साध्या पत्रकालाही ते चुकत नसे. जाब विचारायला माणूस होता, पत्ता होता. आता खाली 'आले तसे पाठवले' असे लिहिले की आपण सुटलो! (असे लिहिणारी बहुधा पोरे नसतात, शिकलेसवरलेले काकाच असतात.)

बातमी खरी असली म्हणजे जबाबदारी संपली, असेही आम्ही मानत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरला शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, ती चित्रफीत सगळीकडे फिरली. संताप रास्तच होता. पण त्याच रात्री बेळगावात वाहनांवर दगड पडले, अनगोळला संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. ब्रिटिशांशी लढलेल्या त्या वीराचा यात काय दोष? शहरात जमावबंदी लागली, तरुणांना अटक झाली. दूर गादीवर बसून 'पेटून उठा' लिहिणाऱ्याला हिंडलगा कारागृहाच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. त्या घालतात इथले आईबाप.

आणि आपला दावा? महाराष्ट्राने तो २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला, ८१४ गावांसाठी. तिथे जनगणनेचे आकडे आणि कागदपत्रे लागतात. आपणच खोटे आकडे फिरवू लागलो, तर आपल्या खऱ्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

आमची सूचना साधी आहे. मंडळाच्या ग्रुपवर बातमी टाकणाऱ्याने ती कुठली, कधीची आणि कोणाकडून कळली, ते स्वतःच्या नावाने लिहावे. येळ्ळूरची बातमी असेल तर आधी येळ्ळूरला एक फोन लावावा. तिथे आपला कोणी ना कोणी पाव्हणा असतोच.