रोसबिफ आणि माकापाव

फ्रेंच माणूस इंग्रजाला चिडवताना 'रोसबिफ' म्हणतो. रोसबिफ म्हणजे रोस्ट बीफ, भाजलेले गोमांस. (पदार्थ माझ्या चाखण्यातला नाही, शब्द तेवढा चघळतो आहे.) आमचे एक स्नेही असल्या शब्दांचे मोठे शौकीन. त्यांचे म्हणणे, "अहो, खाण्यावरून नाव ठेवले तर कुणाचे काय जाते? गंमत असते ती! हल्ली लोकांना गंमतच सोसत नाही." त्यांच्या या 'गंमत असते ती'शी माझे भांडण आहे.

रोसबिफपुरते त्यांचे मी मान्य करतो. त्या शब्दाची कुंडलीच विनोदी आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडात घुसला आणि त्याच्यामागून फ्रेंच भाषा स्वयंपाकघरात घुसली. गोठ्यात हंबरणारी गाय इंग्रजच राहिली. ताटात आली की मात्र तिचे 'बीफ' झाले. 'रोस्ट'सुद्धा जुन्या फ्रेंचातलाच. इंग्रजाने हे दोन उसने शब्द एकत्र शिजवले. पुढे काही शतकांनी फ्रेंचांनी तो जोडशब्द परत नेला, आपल्या जिभेला वळेल असा केला आणि इंग्रजाच्याच अंगावर फेकला. शेजाऱ्याने नेलेले पातेले परत आणून द्यावे आणि आपण तेच त्याच्या डोक्यात घालावे, तसे!

इंग्रज रडला का? छे! १७४८ साली विल्यम होगार्थ हा चित्रकार फ्रान्समध्ये कॅलेला गेला. वेशीचे रेखाटन करताना हेर समजून त्याला पकडले. सुटून घरी आल्यावर त्याने चित्र रंगवले. त्यात एक आचारी मांसाचा भलाथोरला तुकडा उचलून निघाला आहे, गुबगुबीत पाद्रीबुवा त्याला बोट लावून पाहताहेत, आणि भोवती पातळ सुपावर जगणारे फ्रेंच शिपाई आशाळभूतपणे उभे आहेत. वर इंग्रजाने फ्रेंचाला 'बेडूक' म्हणून ठेवलेच. फिटंफाट झाली! दोघांकडे आरमार, दोघांकडे तोफा, दोघांकडे लुटायला दुसऱ्यांचे देश. अशा दोघांनी एकमेकांना काय वाटेल ते म्हणावे.

स्नेही इथेच थांबतात. मला पुढे मुंबईपर्यंत यायचे आहे.

पोटासाठी गोव्याहून मुंबईला आलेल्या ख्रिस्ती माणसाला आपण 'माकापाव' म्हणत आलो. कोकणीत 'माका' म्हणजे 'मला'. मला पाव, एवढाच त्याचा अर्थ. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा, आणि विहिरीत पाव टाकून माणसे बाटवल्याच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकलेल्या. म्हणजे त्या दोन अक्षरी पावात आपली शिवाशिव आधीच भिजवून ठेवलेली! आणि ज्याला हे म्हणायचे तो कोण? बेकरीच्या भट्टीपुढे घाम गाळणारा, बोटीवर रांधणारा, दुसऱ्यांच्या लग्नाच्या वरातीत बाजा वाजवणारा. त्याचे आरमार कुठे होते? त्याने उलटून मालकाला 'काय रे वरणभात' म्हटले असते, तर दिवेलागणीच्या आत त्याचा हिशेब चुकता झाला असता.

शिवाय फरक ताटातच आहे. रोसबिफ ही भरल्या ताटाची थट्टा. माकापाव ही पसरलेल्या हाताची. एकाला 'फार खातोस' म्हणून हसायचे आणि दुसऱ्याला 'खायला मागतोस' म्हणून. या दोन्हींना एकच 'गंमत' हा शब्द वापरणाऱ्याची जीभ तरी जाड असावी किंवा पोट तरी कायम भरलेले.

आता गंमत पाहा (ही खरी). स्नेह्यांचा भाचा ऑस्ट्रेलियात असतो. तिथल्या शाळेत त्याच्या मुलाला पोरांनी 'करी मंचर' म्हटले, म्हणजे करी चघळणारा. वास्तविक पोराच्या डब्यात थालीपीठ होते. आमच्याकडे आमटी असते, रस्सा असतो, कालवण असते; 'करी' नावाचा पदार्थ मराठी आजीने उभ्या जन्मात केला नाही. दक्षिणेतला एक शब्द गोऱ्यांनी उचलला, सगळ्या हिंदुस्थानाच्या रश्शात कालवला आणि आता आपल्याच नातवंडांच्या अंगावर ओतला. रोसबिफचीच चाल, फक्त समोरचा पोरगा वर्गात एकटा.

स्नेह्यांनी इथून त्या शाळेला चार पानी खरमरीत पत्र धाडले. मला वाचून दाखवले. 'अपमान' हा शब्द त्यात सात वेळा होता, 'गंमत' एकदाही नाही. मी हळूच माकापावची आठवण करून दिली.

"ते वेगळे हो!" असे म्हणून त्यांनी वडापावाचा पुढचा घास घेतला.