अर्धा त

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. विषय, विधवांचे हाल. पुढं १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्यानं दिली. विषय पुन्हा तोच. एवढं होऊनही मी त्याच विषयावर लिहायला बसलो, याला कारण आमची आत्या.

विसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी आली आणि आम्हा पाच भावंडांना तिनंच वाढवलं. हरिभाऊंना दर आठवड्याला मजकूर द्यावा लागे. माझ्यामागे कुणाचा तगादा नव्हता, त्यामुळे मला नऊ वर्षं लागली. रविवारी दुपारी कागद पुढे ओढले की नेमका गॅस संपे. चौकशी काय ती आत्याच करी. “काय रे, माझं दुसरं लग्न लावलंस का त्यात?” “बघतो,” मी म्हणे. सातव्या वर्षी ती गेली. आठव्या वर्षी, चोविसाव्या प्रकरणात, मी ते लावलं.

एका प्रकाशकानं दीड वर्षानं बाड परत केलं. तिसऱ्या पानावर चहाचा डाग होता. पुढची पानं अगदी स्वच्छ. दुसरा तयार झाला, पण तीनशे प्रती मी विकत घ्यायच्या या अटीवर.

मग मुद्रितं आली. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना अर्धा त गळाला होता आणि पुस्तकभर ‘आत्या’ची ‘आया’ झाली होती. ‘आया दारात उभी राहिली.’ ‘आयाला कुणी विचारलं नाही.’ आधी मी पोट धरून हसलो. मग हसू येईना. काही वाक्यं अशी होती, की ती तशीच ठेवली असती तरी खोटी ठरली नसती.

प्रकाशन समारंभात पाहुण्यांनी पुस्तक वाचायला सवड झाली नाही, अशी प्रांजळ कबुली दिली आणि पन्नास मिनिटं ते त्यावर बोलले. नातेवाइकांनी प्रती नेल्या, अर्थात ‘सप्रेम भेट’. उरलेल्या दोनशे चाळीस दिवाणाच्या पोटात गेल्या. आत्या याच दिवाणावर झोपायची.

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. “दादा, चोविसाव्या प्रकरणात एक चूक राहिलीय. ‘आयाचं लग्न ठरलं’ असं छापलंय.”

मी गादी बाजूला केली, दिवाणाची फळी उचलली आणि पेन घेऊन बसलो. आतापर्यंत सदतीस प्रती झाल्या आहेत.