रेल रोको झाला, पुढे?

मंडळी, आज थोडं चिडूनच लिहितोय.

२० ऑगस्ट २०२४ आठवतोय ना? बदलापूर स्टेशनात सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक रुळांवर होते. तिथल्या शाळेत चारेक वर्षांच्या दोन मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याचं उघड झालं होतं, आणि गुन्हा नोंदवायला पालकांना कित्येक तास ताटकळावं लागलं होतं. मी कल्याणला अडकलो होतो. लोकल बंद म्हणून कुरकुरणाऱ्या एकाला मी सुनावलंही. राग खराच होता.

२३ सप्टेंबरला मुंब्र्याजवळ आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. पेढे वाटले गेले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. विषय संपला!

कुणाचा संपला? चार वर्षांच्या पोराला एन्काउंटर कळत नाही हो. असं काही सोसलेली मुलं पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतात, आईला सोडत नाहीत, बाहुलीबरोबर तोच प्रसंग खेळत बसतात. आणि आपण? "काय झालं गं नक्की?" शेजारची काकू विचारते, मावशी विचारते, वर व्हॉट्सअॅपवर शाळेचं नाव, बिल्डिंगचं नाव. बग रिप्रोड्यूस करून बघायची खोड आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असते, पण मूल म्हणजे काय टेस्ट सर्व्हर आहे?

कायदा आपल्यापेक्षा शहाणा निघाला. २०१२ च्या पॉक्सोत लिहिलंय: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, पोलीस गणवेशात नकोत, साक्षीला पुन्हापुन्हा बोलवायचं नाही, ओळख फोडायची नाही. २०२० च्या नियमांत तर बाल कल्याण समितीने एक सहाय्यक व्यक्ती द्यायची तरतूद आहे. तपासापासून खटला संपेपर्यंत मुलासोबत आणि घरच्यांसोबत राहणारं एक माणूस. किती साधी गोष्ट! तरी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला त्यावर वेगळे निर्देश द्यावे लागले.

हे काम बालहक्कांच्या संस्थांतले लोक किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी करतात. उद्या उठून तुम्ही-मी करू शकत नाही, आणि करूही नये. पण त्या संस्थांना महिन्याला हजार रुपये आपण देऊ शकतो. आई-बाबा कोर्टात गेले की धाकट्याला शाळेतून आणू शकतो. मुलाला काहीही न विचारता रोजच्यासारखं खाली खेळायला बोलवू शकतो. हे एक दिवस नाही, वर्ष-दोन वर्षं. इथेच आपलं घोडं अडतं. ढोलपथकाच्या सरावाला दर शनिवार-रविवारी जमतो, दिवाळीला फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, पण याला वेळ? "अरे, डिलिव्हरी आहे यार."

असो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये लिफ्टपाशी १०९८ चा बोर्ड लावायचा ठराव मी परत मांडतोय. मागच्या वेळी "उगाच बिल्डिंगचं नाव खराब होईल" म्हणून तो बाजूला पडला आणि दीड तास पार्किंगवर भांडण झालं.