ओवीला निर्माता हवा, तो कसा?

ध्वनिमुद्रणाचे साहित्य आता घरोघरी परवडेल इतके स्वस्त झाले आहे. त्यामुळे घोडनदीकाठच्या शिरुरात किंवा भीमाकाठच्या दौंडात आजीच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचे अभंग किंवा गौरी-गणपतीची गाणी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, असे एखाद्या नातवाला वाटले तर अडचण यंत्राची नसते. हे काम कोणाच्या हाती सोपवावे, ही खरी अडचण असते. साहित्याच्या अभ्यासकांनी हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून बाजूला सारू नये, असे आम्हांला वाटते.

'संगीत निर्माता' हा शब्द मराठीत अलीकडे रुळला असला तरी ते काम जुनेच आहे. पूर्वी ते संगीतकार, वाद्यवृंद संयोजक, ध्वनिमुद्रक आणि कंपनीचा किंवा नभोवाणीचा अधिकारी यांच्यात विभागलेले असे. 'गीतरामायणा'चे श्रेय आपण गदिमा आणि सुधीर फडके यांना देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु 1955 साली पुणे आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांनी गदिमांकडे या मालिकेची मागणी केली नसती, तर त्या 56 गीतांचा क्रम सुरू झाला असता का? योग्य माणसाकडे योग्य गोष्ट मागणे हे निर्मात्याचे पहिले काम होय. आज ही सारी कामे संगणकापुढे बसलेल्या एकाच माणसाकडे येतात. साहजिकच त्याच्या निवडीला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

ओवीच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. छापील पानावर ओवी दोन ओळींत संपते. गळ्यातून येताना मात्र ती लांबते, 'बाई', 'गं' असे भरणाचे शब्द घेते, अर्धी ओळ परत घोळवते आणि जोडीदारीण ती मध्येच उचलून धरते. लय असते जात्याच्या फेऱ्याची. वैरण टाकताना ती क्षणभर मंदावते. अशा गाण्याखाली संगणकाचा ठरीव ठेका बसवला आणि सूर यंत्राने सरळ केले, तर ऐकायला गोड असे काहीतरी उरेल, पण ती ओवी उरणार नाही. छंदाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती तर खोटा पुरावाच पडेल.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह 1980 आणि 1990 च्या दशकांत जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावे, तीन हजारांवर गायिका असा त्याचा पसारा आहे. शिरूर तालुक्यातील सविंदण्याच्या बायकाही त्यात आहेत. नव्वदच्या दशकात बर्नार बेल यांनी ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंदणीची बाजू सांभाळली. 2017 पासून हे धन 'पारी'च्या संकेतस्थळावर खुले होत आले आहे. या मंडळींनी प्रत्येक ओवीपाशी बाईचे नाव आणि गाव ठेवले. 'अनामिक लोकप्रतिभा' या आपल्या लाडक्या शब्दप्रयोगाला याहून चोख उत्तर नाही.

नुसत्या जात्याच्या घरघरीवर आजची मुले थांबणार नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्ही खोटा मानत नाही. साथसंगतीची आवृत्ती जरूर करावी. मात्र मूळ मुद्रण अस्पर्श ठेवून, वेगळी. जो निर्माता हा भेद आपण होऊन सांगतो तो निम्मा पसंत समजावा. उरलेली निम्मी पारख त्याला दोन प्रश्न विचारून होईल. मागच्या कामात त्याने काय वगळले, आणि का? मुद्रण तो बाईच्या ओसरीवर येऊन करील, की तिलाच बंद खोलीत नेऊन कानांवर यंत्र चढवील?

शेवटची बाब कायद्याची आहे. 1957 च्या प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, अर्थात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. गायिकेला कलावंत म्हणून वेगळे हक्क आहेत, पण ते तिला कोणी सांगितलेले नसतात. म्हणून यंत्र सुरू होण्याआधीच कागद व्हावा. पुढाकार कुटुंबाचा की स्टुडिओचा, मूळ प्रत कोणाकडे राहील, नाव कसे छापले जाईल, पैसे आले तर वाटणी कशी, हे त्यात स्पष्ट मराठीत लिहावे आणि गायिकेला वाचून दाखवावे. असा कागद करायला जो कां-कूं करतो, त्याचा कान कितीही तयार असला तरी त्याच्या हाती आजीचा आवाज देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.