‘झाले गेले विसरून जा’ म्हणणाऱ्यांना

निर्वासितांचा विषय निघाला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानी पडते. ‘सिंधी माणूस पाहा! अंगावरच्या कपड्यांनिशी आला, पापड विकले, गोळ्या विकल्या, पण कुणापुढे हात पसरला नाही. बघता बघता दुकानदार झाला!’ वाक्य खोटे नाही. तरीही ते ऐकले की माझे मस्तक फिरते. कारण या स्तुतीच्या पोटात एक हुकूम दडलेला आहे : ‘उभा राहिलास ना? मग आता रडायचे नाही.’

आमच्या घाटकोपरच्या दक्षिणेला चेंबूर कॅम्प, उत्तरेला मुलुंड कॉलनी आणि पुढे कल्याणजवळ उल्हासनगर. फाळणीने मुळासकट उपटलेल्या माणसांच्या या वस्त्या. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सुमारे एक लाख माणसे येऊन पडली. १९४९ साली छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव उल्हासाचे, पण माणसे पत्ता सांगतात तो आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असाच!

सरकारने छप्पर दिले, शिधा दिला, शाळा काढल्या. पण मनाचे काय? ठाण्याला १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. वेडा ठरला की धाडा तिकडे. जो वेडा नाही, पण रात्री तीनदा उठून कडी तपासतो, गर्दीचा गलका ऐकला की ज्याचे हातपाय गार पडतात, त्याने कुठे जावे? शास्त्राजवळही त्याच्या दुखण्याला धड नाव नव्हते. ‘आघातानंतरचा तणाव’ हा विकार अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात आला तो १९८० साली. दोन्ही सरकारांना मनोरुग्ण आठवले ते वाटणीपुरते. १९५० साली धर्म पाहून वेड्यांचीही देवाणघेवाण झाली, त्यावर मंटोने कथा लिहिली आणि आपण तिला ‘वा!’ म्हणून मोकळे झालो.

यावर शहाणे लोक म्हणतील, ‘मास्तर, आमच्याच माणसांना इस्पितळात खाट मिळत नाही आणि तुम्ही परक्यांच्या मनाचे लाड कसले सांगता?’

परका कोण, ते आधी ठरवा. माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गेले. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. त्यातून वाचलेली माणसे परकी की काय? घाटकोपरच्याच आझाद नगरात जुलै २००० मध्ये दरडीने झोपड्या गाडल्या. ज्या आईने तो चिखल पाहिला, तिला पावसाच्या पहिल्या सरीला ‘काय गारवा आला!’ असे वाटेल काय? २०२० च्या टाळेबंदीत याच उपनगरांतून पोराबाळांना खांद्यावर घेऊन माणसे पायी निघाली. त्यांतली पुष्कळशी परत आली आणि पुन्हा आपल्या इमारती बांधू लागली. त्यांना कुणी एका शब्दाने तरी विचारले?

आता उपचार कसा होतो तेही पाहा. बिहारकडची किंवा नेपाळची बाई दवाखान्यात येते. छाती धडधडते, डोके ठणकते, झोप नाही. डॉक्टरपुढे साठ माणसांची रांग. बाईला त्यांची भाषा येत नाही, म्हणून शाळा बुडवून दहा वर्षांची पोर दुभाषी म्हणून बरोबर आलेली. आईने त्या पोरीदेखत काय काय सांगावे? ती ‘पोटात जळजळते’ एवढेच सांगते आणि पित्ताची गोळी घेऊन घरी जाते. पोर दुसऱ्या दिवशी वर्गात गप्प बसते, आणि तिच्या पुस्तकावर शेरा पडतो : ‘अभ्यासात लक्ष नाही.’

आघाताचे भान ठेवून करायच्या उपचाराला मोठी यंत्रे लागत नाहीत. ‘तुला झालंय तरी काय?’ असे खेकसण्याऐवजी ‘तुझ्यावर काय गुदरले?’ असे विचारायचे. आणि उत्तर आले नाही तर थांबायचे. जखम उकरून बोलायला लावणे हाही जुलूमच. आधी निवारा, शिधा आणि हरवलेल्या माणसांचा पत्ता, मग विश्वास, सांगायचे की नाही, हे त्या माणसाने ठरवायचे. सारे त्याच्या भाषेत, आणि त्याच्या मुलांना मध्ये न घालता.

‘एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?’ हा प्रश्नही जुनाच आहे. १९८४ च्या वायुकांडानंतर भोपाळमध्ये साध्या डॉक्टरांना थोडक्या दिवसांचे शिक्षण देऊन मनाचे दुखणे ओळखायला आणि हाताळायला शिकवले होते. भोपाळला जमले ते मुंबईला का जमू नये? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने धर्म, जात, वर्ग, संस्कृती असा कोणताही भेद न करता उपचाराचा हक्क दिला आहे. निराधार व बेघर माणसाला तो फुकट दिला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अनेक भाषांत सल्लाही मिळतो. पण फोनवरच्या आवाजाने वस्तीतल्या दवाखान्याची जबाबदारी संपत नाही. तिथल्या डॉक्टरला हे शिक्षण हवे, आणि वस्तीतलीच एक समंजस बाई पगार देऊन दुभाषी म्हणून बसवायला हवी. पालिकेला हे जड नाही. नगरसेवक मते मागायला येईल, तेव्हा गटाराबरोबर हेही विचारा.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हे कडू कारले कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण या चार दिवसांतच सुतळी बॉम्बच्या आवाजाने तुमच्या चाळीतला एखादा म्हातारा ताडकन उठून दार लावून घेईल. त्याला हसू नका. त्याच्या घरी फराळाचे ताट न्या, घटकाभर बसा. तो बोलला तर ऐका, न बोलला तर गप्प बसा. फक्त ‘विसरा आता’ एवढे म्हणू नका. विसरणे त्याच्या हातात असते, तर तो कधीच विसरला असता.