फ्रीजरमध्ये गोठवलेला रविवार

'रविवारी दोन तास द्या आणि आठवडाभर निश्चिंत राहा.' हे वाक्य हल्ली इतक्या तोंडून ऐकू येतं की ते मुळात कुणी म्हटलं याला काही अर्थ राहिलेला नाही. फ्रीजच्या दुकानातला विक्रेता म्हणतो, महिला मंडळात पाककृती शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात, सासूबाई म्हणतात आणि नोकरी करणारी सून स्वतःच स्वतःला बजावते. न्यू जर्सीत राहणारी माझी एक मैत्रीणही हेच म्हणते. फरक इतकाच, की तिच्या फ्रीजरमध्ये कांदा-खोबऱ्याच्या वाटणाऐवजी चिकन एन्चिलाडांचे ट्रे असतात. या लेखात मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. एन्चिलाडांशी माझं काही वाकडं नाही.

मक्याची पातळ भाकरी मिरचीच्या दाट रश्शात बुडवायची, आत सारण घालून गुंडाळायची, ही झाली मेक्सिकोतली एन्चिलाडा. तिथे ती तव्याजवळून थेट ताटात येते आणि लगेच खाल्ली जाते. अमेरिकेत तिचं ट्रेमध्ये ओळीनं रचलेलं, वरून चीज पेरलेलं, ओव्हनमध्ये भाजायचं रूप रुळलं. हे रूप गोठवता येतं, दोन-तीन महिने टिकतं. मैत्रीण एका रविवारी कोंबडी उकडते, तिचे धागे काढते, रस्सा आटवते, भाकऱ्या भरून गुंडाळते आणि तीन-चार ट्रे झाकून फ्रीजरमध्ये रचते. मग कामाच्या संध्याकाळी ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा, बस्स. सरकवण्याचं हे काम तिचा नवरा करतो. त्या दिवशी मुलं म्हणतात, 'आज बाबांनी जेवण केलं.'

ती हे हसत सांगते. मला त्यात हसण्यासारखं फार काही सापडलं नाही.

'करून ठेवा' या सल्ल्यात कर्ता नसतो, हे आधी लक्षात घेऊया. वाटण करून ठेवा, लसूण सोलून ठेवा, पोळ्या अर्धवट भाजून ठेवा. कुणी? मराठी व्याकरणात आज्ञार्थाला लिंग नाही, पण हे वाक्य ऐकताना घरातला एकही पुरुष मान वर करत नाही. त्याला उद्देशून ते बोललेलं नाही हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मी एका कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. उपनगरातल्या बायकांच्या गटांबरोबर आम्ही कागदावर मोठं घड्याळ काढतो आणि चोवीस तासांत कोण काय करतं ते त्यात भरतो. समाजकार्याच्या वर्गात शिकवलेली ही अगदी साधी पद्धत आहे. एका गटात आम्ही मुद्दाम रविवारचं घड्याळ काढलं. बदलापूरहून रोज फोर्टला नोकरीसाठी जाणाऱ्या एका ताईंनी बोलायला सुरुवात केली तेव्हा 'दोन तास लागतात' असंच सांगितलं. मग गट खोदून विचारू लागला. सकाळी बाजार: भाजी, नारळ, चिकन. पाव किलो लसूण सोलणं. नारळ खवणं. कांदा-खोबरं भाजणं, गार करणं, मिक्सरमधून काढणं, बर्फाच्या ट्रेमध्ये भरणं. कोथिंबीर निवडून, पुसून कागदात गुंडाळणं. मटार. इडलीचं पीठ. चाळीस पोळ्या कच्च्या-पक्क्या भाजून मध्ये कागद घालून ठेवणं. हे सगळं मावावं म्हणून आधी फ्रीज रिकामा करून पुसणं. शेवटी मिक्सरची भांडी, परात, कढया, ओटा. गटाने बेरीज केली ती साडेपाच तास झाली. ताई स्वतःच गप्प झाल्या.

त्या साडेपाच तासांत लक्षात ठेवणं धरलेलंच नाही. बुधवारचा डबा मंगळवारी रात्री खाली काढायचा असतो. गुरुवारी पाच तास वीज गेली तर चिकन ठेवायचं की टाकायचं, हे ठरवायचं असतं. टाकलं तर 'एवढं कशाला करून ठेवलंस' हे ऐकायचं असतं. घड्याळात याला जागा नाही.

बरं, एवढं करून आठवड्यातली संध्याकाळ मोकळी होते का? वाटण तयार आहे म्हणताना एका भाजीच्या जागी दोन होतात. पोळ्या रविवारी भाजलेल्या चालत नाहीत, 'आमच्याकडे ताजीच लागते.' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि ज्याला ताजी लागते तो ती कधीच लाटत नाही, असा माझा अनुभव आहे. रुथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात हेच दाखवलं. घरात यंत्रं आली तशी कामं हलकी झाली, पण पूर्वी त्या कामात पुरुषांचा आणि मुलांचा जो वाटा होता तो गेला, अपेक्षा वाढल्या आणि उरलेलं सगळं एकट्या बाईवर आलं. धुणं सोपं झालं म्हणून कपडे रोज बदलले जाऊ लागले. फ्रीजरचंही तेच आहे. तो काम कमी करत नाही, कामाचा वार बदलतो. बुधवारचं काम रविवारी जातं आणि बाईचा रविवार संपतो.

आणि हा रविवार काही पंचांगातून आलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. २४ एप्रिल १८९० ला झालेल्या सभेला दहा हजारांच्या आसपास कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघींनी मागितलेली सुट्टी त्यांच्या पणत्यांच्या हातून कशी गेली, याचा विचार करताना मला मालक दिसत नाही. दिसतो तो ओटा.

मग बाईचं स्वयंपाकघरातलं काम खरोखर कमी झालंय असं कधी घडलं का? घडलं आहे आणि तेही ज्या देशातून एन्चिलाडा आली त्याच देशात. त्या भाकरीसाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून दगडी पाट्यावर वाटावा लागतो. गुडघे टेकून, रोज, कित्येक तास. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकोच्या खेड्यांत हा भिजवलेला मका दळणाऱ्या गिरण्या आल्या. पुरुष कुरकुरले. गिरणीच्या पिठाला चव नाही म्हणाले, बायका रिकाम्या बसून गप्पा मारतील म्हणाले. ऑस्कर लुईस या मानववंशशास्त्रज्ञाने तेपोझत्लान या गावावर १९५१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या गावात गिरणीकडे बायकांनी पुरुषांच्या सत्तेविरुद्ध केलेलं बंड म्हणून पाहिलं गेलं, अशी नोंद त्यात आहे. पाट्यावर जाणारे तास एका यंत्रामुळे सुटले, पण ते यंत्र घराबाहेर होतं.

आपल्याकडे जात्याचं असंच झालं. पहाटे उठून दळताना बायकांनी रचलेल्या ओव्या अपार मोलाच्या आहेत. हेमा राइरकर आणि गी पॉइतवां यांनी त्या लाखाहून अधिक संख्येने गोळा केल्या, हे आपल्यावरचं ऋण आहे. पण ज्या म्हाताऱ्या आजही ओव्या म्हणून दाखवतात त्यांतल्या एकीनेही मला 'जातं परत आणा' असं म्हटलेलं नाही. पिठाची गिरणी आली, किलोमागे दर ठरला आणि दळण घराबाहेर पडलं. गंमत बघा, दळण गिरणीत जायला लागल्यावर डबा सायकलला लावून न्यायला नवरा आणि मुलगा तयार झाले. जात्याला ज्याने कधी हात लावला नव्हता त्याला दळण आणण्यात कमीपणा वाटला नाही. कारण तिथे पैसे मोजले जातात, ते काम म्हणून ओळखलं जातं. 'रविवारी आठवडाभराचं दळून ठेवा' यावर बाईची सुटका झाली असती असं कुणी म्हणेल का?

आकडे हवे असतील तर सरकारचेच घ्या. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटं कमी झाली तशी पुरुषाचीही नऊ झाली. म्हणजे तिची जी दहा मिनिटं सुटली ती त्याने उचलली नाहीत, हे तरी नक्की. शिवाय ही ८८ मिनिटं फक्त त्यादिवशी काहीतरी घरकाम केलेल्या पुरुषांची सरासरी आहे. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात सव्वीस होते. उरलेल्या चौऱ्याहत्तरांचं घड्याळ त्या रकान्यात कोरंच होतं.

आता यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, 'तुम्ही स्वतः वाटण करून ठेवत नाही का?' ठेवते. गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर खोबरं भाजायला मीही उभी राहणार नाही. बाईने जगण्यासाठी काढलेली युक्ती आणि तिच्यावर लादलेलं धोरण यांत फरक आहे. लोकलच्या बायकांच्या डब्यात शेंगा सोलणाऱ्या हातांचे फोटो वर्तमानपत्रं कौतुकाने छापतात. त्या हातांबद्दल मला आदर आहे, छापणाऱ्यांच्या कौतुकाबद्दल नाही. ऑफिसातून घरी जाताना शेंगा सोलणाऱ्या पुरुषाचा फोटो त्यांनी छापून दाखवावा.

दुसरं उत्तर, 'स्वयंपाकाला बाई ठेवा.' हे म्हणणारी माणसं त्या बाईला संध्याकाळ नसते असं धरून चालतात. चार घरच्या पोळ्या लाटून ती रात्री आपल्या चुलीशी येते तेव्हा तिच्या घरी फ्रीजर नसतो आणि रविवारी तिला सुट्टीही नसते, कारण रविवारी आपल्याकडे पाहुणे येतात. एका बाईच्या खांद्यावरचं ओझं दुसऱ्या, अधिक गरीब बाईच्या खांद्यावर ठेवून त्याला मुक्ती म्हणायची सवय आपल्या चळवळीतल्या मध्यमवर्गीय मैत्रिणींनी तरी सोडावी. हे मी आपल्याच मासिकात लिहिते आहे, बाहेर नाही.

स्वयंपाक घराबाहेर काढण्याची वाट आपल्याला अनोळखी नाही. गिरणगावात घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या हातून सोडवलं. राज्य सरकारने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली. झुणका-भाकरीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: योजना बंद पडली आणि मोक्याच्या जागा राहिल्या. पण सरकार शिजवलेलं जेवण देऊ शकतं, एवढं तर सिद्ध झालं. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्याला उपाहारगृह चालवण्याची जबाबदारी दिली होती. कामगाराचं दुपारचं जेवण ही मालकाची जबाबदारी असू शकते, हे तेव्हाच मान्य झालं. रात्रीचं जेवण मात्र आजपर्यंत कुणा ना कुणा बाईने फुकट शिजवलं.

म्हणून मागायचं असेल तर फ्रीजच्या हप्त्यात सवलत मागू नका. पालिकेच्या मंडयांत, रेल्वे स्टेशनांच्या बाहेर पोळी-भाजी केंद्रांना रास्त भाड्यात गाळे मागा. ते बचत गटांच्या नावावर मागा आणि तिथे लाटणाऱ्या बाईला किमान वेतन, आठवड्याची सुट्टी, पंखा आणि मोरी मागा. या केंद्रांवर माझा आंधळा विश्वास नाही. बहुतेक ठिकाणी पोळीमागे पैसे देऊन दिवसभर उभं केलं जातं आणि मालक पुरुष असतो. त्याविरुद्ध आपणच बोलायला हवं. पोळीमागे एक रुपया वाढला की सगळ्यात आधी घासाघीस करणाऱ्याही आपणच असतो. घरी आपण ती पोळी फुकट लाटतो, त्यामुळे तिला किंमत असते हेच आपल्याला पटत नाही.

आणि घरात जे शिजेल त्याचा वार वाटून घ्या. सणासुदीची बिर्याणी नव्हे. ती करून अख्खं स्वयंपाकघर पालथं घालणाऱ्या पुरुषांचं पुष्कळ कौतुक झालं. मंगळवारचा वरण-भात, भाजी आणि नंतरची कढई एवढंच, दर मंगळवारी, न सांगता.

आमच्या त्या गटाने पुढच्या बैठका रविवारी सकाळी दहाला ठेवल्या आहेत. ती वेळ नेमकी वाटणाची. पहिल्या बैठकीला अकरा जणी आल्या आणि तासाभरात सहा जणींचे फोन वाजले. खवणी कुठे आहे, चिकन धुवायचं का, आणि एकाने तर नुसतंच विचारलं, 'कधी येणार?' फोन पिशवीत ठेवून बसायचं असं आता ठरलं आहे.