ताई भाषांचें कुळ कोणतें ?

गेल्या सत्रांत एका चौकस विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, “गुरुजी, बँकॉक शहरास तेथील लोक ‘क्रुंग थेप महा नखोन’ म्हणतात. ‘थेप’ म्हणजे देव आणि ‘महा नखोन’ म्हणजे महानगर; मग थाई भाषा ही संस्कृताचीच कन्या नव्हे काय ?” प्रश्न मोठा मार्मिक होता. उत्तरास तास पुरला नाहीं, म्हणून हा लेख.

‘भाषा’ हा शब्दही तेथें ‘फासा’ या रूपानें नांदतो, गुरूस ‘ख्रू’ म्हणतात, आणि लिपि तर ब्राह्मीच्याच वंशांतील. तरीही उत्तर ‘नव्हे’ असेंच द्यावें लागतें. कागद, दुकान, वकील हे शब्द आपल्या तोंडीं रोज असतात. एवढ्यानें मराठी कांहीं फारसीची किंवा अरबीची मुलगी ठरत नाहीं. उसन्या दागिन्यांवरून मुलीचें माहेर ओळखूं नये.

ही चूक शाळकरी मुलेंच करितात असें नाहीं. थाई भाषेंत तीनास ‘साम’ व चारास ‘सी’ म्हणतात. चिनी अंकांशीं त्यांचें साम्य उघड आहे. ग्रिअर्सन यांनीं आपल्या भाषा-पाहणीच्या 1904 च्या खंडांत ताई भाषा ‘सयामी-चिनी’ कुळांत घातल्या. 1923 सालीं प्रसिद्ध झालेल्या डॉड नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्याच्या ग्रंथाच्या नांवांतच ताई लोकांस चिन्यांचे वडील बंधु म्हटलें आहे ! पुढें 1942 सालीं पॉल बेनेडिक्ट यांनीं ही सोयरीक अमान्य करून ताईचें नातें मलायादि भाषांशीं जोडलें. डोळा, मरणें, मी यांस थाईत ‘ता’, ‘ताय’, ‘कू’ व मलायांत ‘माता’, ‘माती’, ‘आकू’ म्हणतात. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. चीनमधील पुष्कळ पंडित आजही जुन्याच मतास धरून आहेत.

मग नातें ओळखावें कशानें ? घरगुती शब्दांनीं, व त्यांतील ध्वनींच्या नियमित फरकानें. थाईत पाणी ‘नाम’ आणि पक्षी ‘नोक’. दक्षिण चीनमधील च्वांग भाषेंत ‘रम’ आणि ‘रोक’. एका ‘न’ च्या जागीं ‘र’ आला तर तो योगायोग म्हणतां येईल. परंतु ‘बाहेर’ या अर्थाच्या शब्दांतही तोच पालट दिसतो, तेव्हां बहिणी ओळखूं येतात. अशाच पुराव्यांवर ली फांग-क्वेइ यांनीं ताईच्या उत्तर, मध्य व नैर्ऋत्य अशा तीन शाखा मानिल्या. थाई, लाओ, शान व आपल्या आसामांतील खामती, फाके या नैर्ऋत्य शाखेंतील. च्वांगांची मात्र गंमत आहे: सरकारदरबारीं भाषा एक, पण उत्तरेकडील बोली एका शाखेंत व दक्षिणेकडील दुसऱ्या शाखेंत ! राज्यकर्त्यांनीं दिलेलें नांव आणि रक्ताचें नातें यांचा मेळ बसतोच असें नाहीं.

भाषांचीं कुळें मुलांकडून पाढ्यांप्रमाणें घोकून घेण्याची चाल आम्हांस सर्वथा निरुपयोगी वाटते. कोष्टक पाठ होतें, पण तें कशासाठीं केलें हें कळत नाहीं. पालकांपैकींही कोणी पुसतात, असल्या दूरच्या भाषांशीं आमच्या मुलांस काय करावयाचें ? त्यांनीं आहोमांकडे पाहावें. 1228 सालीं सुकाफा राजाबरोबर हे ताई लोक आसामांत आले, सुमारें सहाशें वर्षें तेथें राज्य केलें, आणि हळूहळू असमिया बोलूं लागले. आज आहोम ही कोणाची घरची बोली उरली नाहीं. उरल्या आहेत त्या पोथ्या व बुरंजी नांवाच्या बखरी. त्या वाचणें सोपें नाहीं. थाईत ‘मा’ या एकाच अक्षराचा अर्थ सुराच्या भेदानें येणें, घोडा किंवा कुत्रा होतो. आहोम लिपींत हा सूर लिहितच नाहींत. पोथीवाचकानें कोणाचें दार ठोठवावें ? चिनी पंडिताचें नव्हे, संस्कृत शास्त्र्याचेंही नव्हे. बुढी दिहिंग नदीच्या कांठीं फाके लोकांचीं गांवें आहेत, आणि तेथील वृद्धांच्या मुखीं ते सूर अजून जिवंत आहेत.